मधला डाग : चित्रकार देगा आणि त्याची दृष्टी

कान गेलेला संगीतकार म्हटला की बीथोव्हनचे नाव कोणाच्याही ओठांवर येते. डोळे जात असताना चित्रे काढीत राहिलेल्या चित्रकाराचे नाव मात्र इतक्या चटकन सांगता येत नाही. फार तर मोतीबिंदू झालेला मोने आठवतो. परंतु आपला एक डोळा अधू आहे हे ज्याला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे ज्याने नर्तकी, धोबिणी, शर्यतीचे घोडे आणि न्हाणाऱ्या स्त्रिया रंगविल्या, त्या एदगार देगाच्या डोळ्यांची कथा आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. त्याचे चरित्र येथे सांगायचे आहे ते एका प्रश्नाच्या अनुषंगाने. माणसाला किती दिसते, हे मोजायचे तरी कसे? भिंतीवरच्या तक्त्यातली किती अक्षरे त्याने वाचली यावरून, की उरलेल्या दृष्टीत तो काय करू शकतो यावरून?

देगाचा जन्म १९ जुलै १८३४ रोजी पॅरिसमध्ये झाला. घराणे सधन, पेढीवाल्यांचे. आजोबा फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत इटलीतील नेपल्सला निघून गेले आणि तेथे त्यांनी पेढी काढली. तिची पॅरिसची शाखा वडील ऑग्युस्त सांभाळीत. आई सेलेस्तीन म्यूसाँ ही अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातल्या फ्रेंच कुटुंबातली. पाच भावंडांत एदगार थोरला. तो तेरा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांना चित्रांची व संगीताची मनापासून आवड होती आणि त्यांच्या घरी रसिकांचा राबता असे. लुई-ल-ग्राँ या नामांकित विद्यालयातून १८५३ मध्ये तो परीक्षा उत्तीर्ण झाला. वडिलांच्या इच्छेखातर कायद्याच्या वर्गात त्याने नाव घातले खरे, पण त्याच वर्षी लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवानाही मिळविला. कायद्याचे पुस्तक लौकरच मिटले. लूव्र मात्र जन्माचे सोबती झाले.

१८५५ मध्ये त्याची अँग्र या वयोवृद्ध चित्रकाराशी भेट झाली. रेषेचा सम्राट म्हणून अँग्रची ख्याती होती. पुष्कळ रेघा काढ, समोर पाहून काढ आणि आठवणीनेही काढ, अशा अर्थाचा उपदेश त्याने या तरुणाला केला. देगाने तो जन्मभर जपला. आठवणीने काढण्याची ही सवय पुढे कशी कामाला येणार आहे, याची त्या वेळी ना गुरूला कल्पना होती, ना शिष्याला.

त्याच वर्षी सरकारी कलाशाळेत त्याने प्रवेश घेतला. पण तेथे तो फार रमला नाही. १८५६ पासून सुमारे तीन वर्षे इटलीत काढून राफाएल, मिकेलांजेलो प्रभृतींच्या कृती वहीत उतरविणे, हेच त्याचे खरे शिक्षण. फ्लॉरेन्सला असलेल्या आत्याच्या घरी ‘बेलेल्ली कुटुंब’ या मोठ्या चित्राची सुरुवात झाली. काळ्या सुतकी पोशाखातली आत्या, तिच्या दोन मुली आणि पाठमोरा बसलेला नवरा. एकाच खोलीतल्या चार माणसांत केवढे अंतर पडलेले असते, ते या चित्रात दिसते. सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद असे हे चित्र. कपड्यांच्या चुण्या, भिंतीवरच्या कागदाची नक्षी, मुलींचे पांढरे एप्रन यांतला बारीकसारीक तपशील चोख आहे. हे काम करणाऱ्याच्या दृष्टीत उणे होते, असे कोणी म्हणणार नाही.

पॅरिसला परतल्यावर १८६०नंतरच्या दशकाच्या आरंभी लूव्रमध्येच त्याची एद्वार मानेशी गाठ पडली. देगा एका जुन्या चित्रावरून थेट धातूच्या पत्र्यावर रेखाटन करीत होता आणि त्याच्या या धाडसाचे मानेला नवल वाटले, असे सांगतात. ऐतिहासिक विषयांवरची चित्रे मागे पडत गेली. शर्यतीचे मैदान, वाद्यवृंद, नृत्यशाळा, कॅफे, कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बायका असे समोरचे पॅरिस त्याच्या चित्रांत आले. पुढे इंप्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळींत तो सामील झाला, परंतु उघड्या माळावर उन्हात बसून चित्र काढणे त्याला कधीच मानवले नाही. त्याची आवड घरातल्या, कृत्रिम उजेडाची होती. या आवडीमागे निव्वळ मत होते की प्रखर उजेड सहन न होणारे डोळेही होते, हा प्रश्न पुढच्या घटना पाहता मनात येतोच.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसला वेढा पडला आणि देगा राष्ट्रीय रक्षक दलात भरती झाला. बंदुकीचा सराव सुरू झाला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की उजव्या डोळ्याने नेम धरावा तर निशाणच दिसत नाही. पुढे तो तोफखान्यात गेला; तेथे त्याचा शाळासोबती आँरी रुआर हाच त्याचा अधिकारी होता.

या प्रसंगात एक शास्त्रीय मर्म आहे. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. मेंदू दोन्ही चित्रांची अशी काही सांगड घालतो, की उणीव आहे हे माणसाला वर्षानुवर्षे कळत नाही. एक डोळा झाकावा लागला तेव्हाच ती उघडी पडते. दृष्टी तपासताना एकेक डोळा झाकून पाहण्याचा जो साधा नियम आहे, त्याचे कारण हेच. देगाच्या बाबतीत हे काम बंदुकीने केले.

१८७२ च्या शरद ऋतूत तो आईच्या माहेरी, न्यू ऑर्लिन्सला गेला. त्याचे दोघे धाकटे भाऊ, रने आणि आशिल, तेथे व्यापारात होते. मामाच्या कापसाच्या पेढीतले दृश्य त्याने रंगविले. कोणी कापसाचा नमुना बोटांनी पारखतो आहे, कोणी वर्तमानपत्र वाचतो आहे, कोणी वहीत डोके घालून बसला आहे. हे चित्र १८७८ मध्ये फ्रान्समधील पो येथील संग्रहालयाने विकत घेतले. सार्वजनिक संग्रहात गेलेले त्याचे हे पहिले चित्र. पण या मुक्कामात तेथले ऊन त्याच्या डोळ्यांना सोसेना आणि तशा तक्रारी त्याने पत्रांतून केल्या.

त्याच घरात एस्तेल होती. ती त्याची मामेबहीण आणि रनेची पत्नी. तिचीही दृष्टी झपाट्याने चालली होती आणि काही वर्षांतच ती पूर्ण आंधळी झाली. देगाने तिचे व्यक्तिचित्र केले. फुलदाणीतली फुले लावीत ती उभी आहे. तिचे हात काम करीत आहेत, नजर मात्र कशावरही खिळलेली नाही. चित्र काढणारा छत्तीस उलटून अडतिसाव्या वर्षात आलेला, एक डोळा निकामी होत असलेला, आणि समोर आपल्याच रक्ताच्या नात्यातली, अंधाराकडे निघालेली स्त्री. आपल्याही नशिबी हेच आहे काय, ही शंका त्याच्या मनात आली नसेल असे म्हणवत नाही. पुढे १८७८ मध्ये रनेने तिला आणि मुलांना सोडले. देगाने या भावाशी कित्येक वर्षे संबंध ठेवला नाही.

देगाला नेमका कोणता विकार होता? याचे निश्चित उत्तर आज कोणीच देऊ शकत नाही. त्याच्या तक्रारींवरून आणि मित्रांनी लिहून ठेवलेल्या हकीकतींवरून नेत्रतज्ज्ञांनी जो अंदाज बांधला आहे तो असा, की त्याच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग बिघडला होता. डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल हा पातळ पडदा असतो. त्याच्या मध्याजवळ काही मिलिमीटर व्यासाचा एक पिवळसर भाग आहे. त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे या इवल्याशा जागेच्या जिवावर चालतात. बाकीचा विस्तीर्ण पडदा बाजूचे, हलणारे, अंधुक असे पाहतो. पीतबिंदू बिघडला तर माणूस ठार आंधळा होत नाही. त्याला खोलीत नीट वावरता येते, दारातून येणारी व्यक्ती दिसते. मात्र ज्या ठिकाणी नजर रोखावी नेमके तेच ठिकाण पुसले जाते.

उतारवयात होणारा पीतबिंदूचा ऱ्हास आज जगभर असंख्य वृद्धांना ग्रासतो. तो बहुधा पन्नाशीनंतर सुरू होतो. देगाचा विकार तरुणपणीच दिसू लागला, म्हणून त्याला हाच रोग होता असे म्हणता येत नाही. मूळ कारण बहुधा वेगळे, कदाचित आनुवंशिक असावे. पण घाव एकाच जागेवर होता. देगाची हकीकत वाचताना आपल्या घरातले एखादे आजोबा वा आजी आठवावीत ती त्यामुळेच. इंग्लंडचा तरुण चित्रकार वॉल्टर सिकर्ट त्याच्या परिचयाचा होता. ज्या बिंदूकडे पाहावे तो सोडून त्याच्या भोवतालचेच दिसते आणि अशा स्थितीत रेखाटन करणे ही केवढी यातना आहे, असे देगाने आपल्याला सांगितल्याचे सिकर्टने नमूद केले आहे. मधला डाग याहून नेमक्या शब्दांत नेत्रवैद्यकाच्या पुस्तकातही सापडणार नाही.

योगायोग असा, की देगा जन्मला त्याच १८३४ साली हॉलंडमध्ये हरमन स्नेलन यांचा जन्म झाला. युट्रेक्टच्या या नेत्रवैद्यांनी १८६२ मध्ये तो सुप्रसिद्ध अक्षरतक्ता प्रसिद्ध केला. वर मोठे अक्षर आणि खाली उतरत जाणाऱ्या लहान अक्षरांच्या ओळी असा तो तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यापूर्वी प्रत्येक वैद्य आपल्या अंदाजाने मजकूर वाचायला देई. एकाचे मोजमाप दुसऱ्याला उपयोगी पडत नसे. स्नेलन यांनी अक्षराच्या आकाराला भूमितीचा नियम लावला. ठराविक अंतरावरून पाहिले असता पूर्ण अक्षराने डोळ्याशी पाच कलांचा कोन करावा आणि त्यातल्या प्रत्येक रेघेने एका कलेचा. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला वाचता येईल असे अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. सहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला जर निरोगी डोळा साठ मीटरवरून वाचू शकेल एवढे मोठेच अक्षर वाचता आले, तर त्याची दृष्टी सहा-साठांश. एका अपूर्णांकात दृष्टी मांडण्याची ही सोय इतकी सुटसुटीत होती, की ती जगभर पसरली.

एदमाँ लांडोल्ट हे स्विस नेत्रवैद्य युट्रेक्टला स्नेलन यांच्या सहवासात राहिले होते आणि १८७४ पासून पॅरिसमध्ये व्यवसाय करीत होते. अक्षर ओळखण्यात साक्षरतेचा आणि अंदाजाचा भाग येतो, हे जाणून त्यांनी तक्त्यासाठी एक साधी खूण योजली. एक वर्तुळ, त्यात एका बाजूस खाच. खाच वर आहे, खाली आहे, डावीकडे आहे की उजवीकडे, एवढेच रुग्णाने सांगायचे. लांडोल्ट यांचे हे वर्तुळ आजही प्रमाण मानले जाते. १८९० नंतरच्या दशकात याच लांडोल्ट यांच्याकडे देगा उपचारासाठी गेला. त्यांनी त्याला एक विलक्षण चष्मा दिला. उजवा डोळा पूर्ण झाकलेला आणि डाव्या डोळ्यापुढे केवळ एक अरुंद फट. उजेडाचा मारा कमी व्हावा आणि जे उरले आहे ते थोडे स्पष्ट दिसावे, हा हेतू. देगाला त्याचा फारसा लाभ झाला नाही. भिंगाचा दोष चष्म्याने सुधारतो. पडदाच झिजला असेल तर काच काय करणार?

दृष्टी मोजण्याच्या शास्त्रातला त्या काळचा अव्वल माणूस आणि रेषेचा अव्वल कलावंत असे हे दोघे समोरासमोर आले. पण अक्षरतक्ता किंवा खाचेचे वर्तुळ एकच गोष्ट सांगू शकते. भरपूर उजेडात, पांढऱ्यावर काळी, स्थिर अशी खूण किती लहान असेपर्यंत ओळखता येते. मंद प्रकाशात काय होते, फिकट छटांतला फरक कळतो का, पाठोपाठचे शब्द वाचता येतात का, चेहरा ओळखता येतो का, डाग चुकवून बाजूने पाहायला माणूस शिकला आहे का, यांपैकी कशालाही तो अपूर्णांक उत्तर देत नाही. देगाच्या बाबतीत हे उत्तर दुसऱ्याच तक्त्यावर लिहिले जात होते. तो तक्ता म्हणजे त्याची चित्रे.

फेब्रुवारी १८७४ मध्ये वडील वारले आणि पेढी कर्जात बुडाल्याचे उघडकीस आले. कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी देगाने घर विकले, संग्रहातली चित्रे विकली. आणि आजवर हौसेने रंगविणाऱ्या या श्रीमंत मुलाला चित्रे विकून पोट भरण्याची पाळी आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंप्रेशनिस्टांचे पहिले प्रदर्शन भरले. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. त्यांपैकी १८८२ चे एक सोडून सातांत देगाने भाग घेतला. नर्तकींची चित्रे याच काळात बहरली. नृत्य या विषयावरच्या त्याच्या लहानमोठ्या कृती सुमारे दीड हजार भरतात. रंगमंचावरच्या झगमगाटापेक्षा तालमीतला घाम, दुखरा घोटा चोळणारी मुलगी, दंडाला टेकून जांभई देणारी दुसरी, हे त्याला अधिक जवळचे वाटले. नाचणाऱ्या पोरी गरीब घरच्या असत आणि त्यांच्या कष्टांत त्याला स्वतःच्या कामातली मेहनत दिसत असावी.

तैलरंगाऐवजी तो दिवसेंदिवस पेस्टलकडे वळला. पेस्टल म्हणजे रंगीत खडू. त्याला वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, रेषा आणि रंग एकाच हातवाऱ्यात उमटतात. अधू दृष्टीच्या माणसाला हे माध्यम सोयीचे. तसेच, एकदा साधलेली आकृती तो पारदर्शक कागदावर उतरवून घेई, उलट करी, मोठी करी, दुसरीशेजारी मांडी. एकच नर्तकी वीस चित्रांतून भेटते. प्रत्येक वेळी नव्याने निरखण्याची गरज अशाने कमी होई. अँग्रने सांगितलेली आठवणीची तालीम आता फळास आली होती.

१८७० नंतरच्या दशकातल्या पेस्टलमध्ये छायेच्या रेघा बारीक, एकमेकींना खेटून, शिस्तीत काढलेल्या आहेत. पुढच्या दशकात त्या थोड्या विरळ होतात. १८९० नंतर त्या जाड, राकट आणि दूरदूर पडतात. चेहऱ्यांतले तपशील गळतात, बाह्यरेषा काळ्याभोर आणि पुनःपुन्हा गिरविलेल्या दिसतात, रंग भडक होतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मारमोर यांनी २००६ मध्ये एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. देगाची ढासळत गेलेली दृष्टी संगणकाच्या साहाय्याने कृत्रिमरीत्या निर्माण करून त्यांनी त्याच्याच चित्रांवर ती बसविली. निष्कर्ष चटका लावणारा होता. आपल्याला राकट वाटणाऱ्या रेघा त्या अंधुक नजरेत एकमेकींत मिसळतात आणि चित्र पुन्हा मऊ, सलग दिसू लागते. म्हणजे आपल्याला जे खडबडीत दिसते ते देगाला कदाचित तसे दिसतच नव्हते.

सर्वच कला-इतिहासकारांना हा निष्कर्ष पटत नाही. त्यांचा आक्षेप असा, की उतारवयात हात मोकळा होणे ही पुष्कळ थोर चित्रकारांची कहाणी आहे. तिशनची अखेरची चित्रेही अशीच ठसठशीत आहेत, मग देगाच्या धाडसाचे श्रेय त्याच्या रोगाला का द्यावे? हा आक्षेप रास्त आहे. रोगाने त्याच्यापासून बारीक रेघ हिरावून घेतली, हे मान्य केले तरी उरलेल्या जाड रेघेने काय करायचे हे रोगाने ठरविले नाही. त्याच व्याधीने दुसऱ्या कोणाचा हात थांबला असता. देगाने शरीराचा तोल, पाठीचा बाक, केस विंचरताना मागे ओढली जाणारी मान अशा मोठ्या हालचालींकडे मोर्चा वळविला. पडद्याच्या शाबूत राहिलेल्या कडांना ज्या गोष्टी दिसतात, नेमक्या त्याच या.

मूर्तिकामही त्याने बरेच केले. १८८१ च्या प्रदर्शनात त्याने मेणाची ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ ठेवली. सुमारे एक मीटर उंच, खरे केस, खरा कापडी झगा, केसांत खरी फीत. लोक बिचकले, काही टीकाकारांनी तर तिला कुरूप ठरविले. त्यानंतर हयातीत त्याने एकही मूर्ती जाहीर प्रदर्शनात मांडली नाही. पण चित्रशाळेत मेणाचे काम चालूच राहिले. त्याच्या पश्चात तेथे सुमारे दीडशे मूर्ती सापडल्या, पुष्कळशा मोडलेल्या. त्यांतल्या सत्तरांहून अधिक कृती नंतर काशात ओतण्यात आल्या. नजरेने साथ सोडली तशी त्याची बोटे पाहू लागली होती.

देगाचे चरित्र सांगताना त्याची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो अविवाहित, मानी आणि जिभेचा तिखट होता. उत्तरायुष्यात त्यात कडवटपणाची भर पडली. द्रेफ्यू नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली आणि त्यावरून पुढे सारा फ्रान्स दुभंगला. देगा ज्यूद्वेष्ट्यांच्या बाजूने उभा राहिला. स्वतःला वाचता येत नसल्याने झोए ही त्याची घरकामवाली बाई त्याला ‘ला लिब्र पारोल’ हे ज्यूविरोधी वर्तमानपत्र वाचून दाखवी. शाळेपासूनचा जिवलग मित्र लुदोविक आलेव्ही हा ज्यू वंशाचा. त्याच्या घरी देगाचे जेवणखाण वर्षानुवर्षे ठरलेले होते. १८९७ च्या सुमारास त्याने ते घर सोडले. जुना सहकारी पिसारो यालाही त्याने दूर केले. बाकीचे जग अंधुक होत असताना कानांवर रोज एकच विखारी आवाज पडू देणे हे त्याने स्वतः निवडले होते; त्याचे खापर डोळ्यांवर फोडता येत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे काम कमी कमी होत गेले. १९१२ मध्ये र्‍यू व्हिक्तोर मासे या रस्त्यावरची त्याची जागा इमारत पाडायची म्हणून त्याला सोडावी लागली. सवयीच्या घरात आंधळा माणूसही डोळसासारखा वावरतो. ते घर गेले आणि कामही थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस रुआरच्या संग्रहाच्या लिलावात ‘दांडीला धरून सराव करणाऱ्या नर्तकी’ हे त्याचे १८७७ च्या सुमाराचे चित्र ४,३५,००० फ्रँकना विकले गेले. हयात चित्रकाराच्या कृतीला त्या काळी मिळालेली ही अपूर्व किंमत. तिच्यातला एक फ्रँकही देगाच्या वाट्याचा नव्हता. पुढची वर्षे तो पॅरिसच्या रस्त्यांतून काठी टेकीत तासन् तास हिंडे. साशा गित्री या तरुण नाटककाराने १९१५ च्या सुमारास घेतलेल्या चलचित्रपटात, रस्त्याने चाललेला पांढऱ्या दाढीचा हा वृद्ध क्षणभर दिसतो. २७ सप्टेंबर १९१७ रोजी, पहिले महायुद्ध चालू असताना, त्याचे निधन झाले. मोंमार्त्र येथील कुटुंबाच्या थडग्यात त्याला पुरण्यात आले.

देगानंतर दृष्टी मोजण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. अक्षरांतली नि ओळींतली अंतरे समप्रमाणात ठेवलेले नवे तक्ते आले. १९८८ मध्ये पेली आणि रॉबसन यांचा तक्ता आला; त्यातली सारी अक्षरे एकाच आकाराची, परंतु खाली जावे तशी फिकट होत जाणारी. पायरीची कड, धुक्यातला चेहरा, दुधाची कपातली पातळी ओळखण्याचा कस त्यातून लागतो. मिनिटाला किती शब्द वाचता येतात हे मोजले जाते. दृष्टिपटलावरच्या एकेका जागी प्रकाशाचे मंद ठिपके टाकून कोणती जागा जागी आहे आणि कोणती झोपली आहे, याचा नकाशा काढणारी यंत्रे आली. पीतबिंदूच्या ऱ्हासात तर ही सर्व मोजमापे महत्त्वाची. कारण अक्षरतक्त्यावर चांगले गुण मिळविणारे आजोबाही संध्याकाळच्या उजेडात वर्तमानपत्र बाजूला ठेवतात, आणि उलट तक्त्यापुढे नापास झालेली आजी बाजूच्या नजरेने घर सांभाळत असते. या रोगाचा जो ओला प्रकार आहे त्यावर डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांचे उपचार २००५ नंतरच्या काळात उपलब्ध झाले. ते वेळेवर सुरू झाले तरच गुणकारी ठरतात, म्हणून बिघाड लौकर ध्यानात येणे हे आता निव्वळ शास्त्रीय कुतूहल राहिलेले नाही.

त्यासाठीची एक चाचणी कागदाच्या तुकड्यावर होते. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी ती १९४० नंतरच्या दशकात रूढ केली. दहा सेंटिमीटरचा एक चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरे आणि बरोबर मध्ये एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, वाचताना पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर तो धरायचा, एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे पाहायचे. रेघा वाकड्या दिसल्या, एखादा तुकडा पुसलेला वाटला, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आपल्या घरांतल्या साठी ओलांडलेल्या माणसांना हे करून पाहायला सांगणे, एवढे तर आपण कोणीही करू शकतो.

परंतु ज्याचा मध्यच गेला आहे, त्याला मधला ठिपका कसा दिसावा? आम्स्लर यांनी त्याचाही विचार केला होता. अशा रुग्णासाठी त्यांनी एक वेगळा चौकोन केला. त्याच्या कोपऱ्यांपासून दोन तिरप्या रेघा निघतात आणि मध्ये एकमेकींना छेदतात. ठिपका न दिसणाऱ्याने त्या रेघांच्या कडेकडेने नजर न्यायची आणि त्या जिथे मिळत असाव्यात तिथे पाहायचे. ही चाचणी देगाच्या मृत्यूनंतर पाव शतकाहून अधिक काळाने आली. पण न दिसणाऱ्या मध्याकडे रेघेच्या आधाराने जाण्याची रीत त्याला कोणी शिकवावी लागली नसती.